खेळयंत्राचा उंबरठा : ‘निन्टेंडो स्विच’च्या होम मेनूचे प्रथमदर्शन

१

एखाद्या कृतीच्या प्रथमदर्शनाने मनावर जो ठसा उमटतो त्याला समीक्षेने किती मोल द्यावे, हा वाद साहित्यविचारात नवा नाही. पहिल्या वाचनात कविता जशी भिडते तशी ती पुन्हा कधीही भिडत नाही, म्हणून तोच प्रत्यय खरा, असे एक पक्ष मानतो. उलट, पहिला प्रत्यय वाचकाच्या पूर्वग्रहांनी आणि त्या क्षणाच्या मनःस्थितीने गढुळलेला असतो. कृतीचे स्वरूप पुनर्वाचनातच निवळून येते, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते. हा वाद कवितेपुरता मर्यादित असेपर्यंत त्यात एक सोय आहे : कविता बदलत नाही, बदलतो तो वाचक. परंतु ज्या वस्तू नित्य हाताळण्यासाठीच घडविल्या जातात, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. दाराची कडी, रेल्वेचे वेळापत्रक, शब्दकोशाचे पान ह्यांच्या रूपाची परीक्षा पहिल्या भेटीवरून करावयाची की हजाराव्या वापरावरून?

व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा इंटरफेस ही ह्याच जातीची वस्तू होय. यंत्र सुरू केल्यावर आणि खेळ सुरू होण्यापूर्वी जे दर्शनी रूप स्क्रीनवर उभे राहते, ज्यातून खेळाडू खेळ निवडतो, यंत्राची व्यवस्था लावतो आणि खेळ संपल्यावर जिथे परत येतो, ते हे अंग. नवा कन्सोल बाजारात आला की काही तासांतच त्याच्या ह्या रूपाविषयी अभिप्राय लिहिले जातात. ‘पहिले मत’ हा त्या लेखनाचा एक स्वतंत्र प्रकारच बनला आहे. हे लेखन घाईचे असते, म्हणून ते सर्वस्वी टाकाऊ मानावे काय? की त्यात असे काही सापडते, जे पुढे कितीही काळ यंत्र वापरून हाती लागणार नाही? ह्या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करणे इष्ट होईल. ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आलेला निन्टेंडो कंपनीचा ‘स्विच’ आणि ५ जून २०२५ रोजी आलेला त्याचा उत्तराधिकारी ‘स्विच २’ ही ती उदाहरणे होत. पहिल्याच्या दर्शनी रूपावर आरंभी जे मत बनणे स्वाभाविक होते ते कालांतराने अर्धे खरे ठरले आणि अर्धे खोटे. आणि दुसऱ्याने तर प्रथमदर्शन ही घटनाच जवळजवळ घडू दिली नाही. म्हणून ही जोडी विचारार्ह आहे.

२

कन्सोलला उंबरठा असावाच लागतो असे नाही. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ला तो नव्हता. काडतूस, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत ती वस्तू, खाचेत बसवावयाची, कळ दाबावयाची, आणि समोर थेट खेळाचेच नाव उमटे. यंत्राला स्वतःचा असा चेहरा नव्हता. त्यात जो खेळ घातला असेल त्याचाच चेहरा ते धारण करी. खाच रिकामी असेल तर यंत्राजवळ सांगण्यासारखे काहीच नसे.

यंत्राजवळ स्वतःचे काही साठू लागले, तेव्हा उंबरठ्याची गरज उत्पन्न झाली. २००० सालच्या ‘प्लेस्टेशन २’ मध्ये यंत्र सुरू होताना काळोखातून मनोऱ्यांसारखे स्तंभ उभे राहात, आणि खेळाडूने त्या यंत्रावर जे खेळ खेळले असतील त्यांच्या इतिहासानुसार ते स्तंभ वाढत. अनेकांना हे केवळ शोभेचे दृश्य वाटले. वस्तुतः यंत्राने आपल्या धन्याची ओळख ठेवल्याची ती खूण होती. २००१ च्या ‘एक्सबॉक्स’मध्ये हार्ड डिस्क आली, तिच्यात खेळांची प्रगती आणि गाणी साठू लागली. पुढे यंत्रे इंटरनेटला जोडली गेली, दुकान यंत्राच्या आत आले, मित्रांची यादी आली. उंबरठ्याचा ओटा झाला, ओट्याचा चौक झाला.

ह्या चौकाची रचना कशी असावी, ह्याविषयी सन २००५ ते २००६ ह्या अवघ्या एका वर्षाच्या अंतरात तीन भिन्न उत्तरे पुढे आली. नोव्हेंबर २००५ च्या ‘एक्सबॉक्स ३६०’ ने पात्यांसारखी एकावर एक सरकणारी पाने कल्पिली. नोव्हेंबर २००६ च्या ‘प्लेस्टेशन ३’ ने आडव्या रांगेत विषय आणि प्रत्येक विषयाखाली उभ्या रांगेत त्यातील वस्तू, अशी कोष्टकासारखी पण अत्यंत चपळ मांडणी स्वीकारली. तिच्या पार्श्वभूमीवर एक लहर वाहात असे, तिचा रंग महिन्यागणिक बदले आणि उजळपणा दिवसाच्या प्रहरानुसार. यंत्र सुरू होताना वाद्यवृंद आपली वाद्ये जुळवीत आहे असा स्वर ऐकू येई. तिसरे उत्तर त्याच महिन्यात आलेल्या निन्टेंडोच्या ‘वी’चे. दूरदर्शनसंचाच्या वाहिन्यांची उपमा घेऊन त्याने पहिल्या पडद्यावर बारा चौकटी मांडल्या; अशी चार पाने, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस चौकटींची सोय. हातातील रिमोट एखाद्या चौकटीवर रोखला की तो हलकेच थरथरे, आणि मागे काझुमी तोताका ह्या संगीतकाराचे शांत, किंचित पोकळ वाटणारे संगीत चालू असे.

ह्या तीनही रचनांत एक समान गृहीत होते : उंबरठ्यावर खेळाडू काही काळ थांबणार आहे आणि ते थांबणे सुखद व्हावे. नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात वर्णिलेल्या पूर्वरंगाचे कार्य काहीसे असेच होते. नाटक अजून सुरू झालेले नाही, परंतु वाद्ये जुळविली जात आहेत, रंगभूमी सिद्ध होत आहे, आणि प्रेक्षक बाहेरच्या जगातून नाट्याच्या जगात हळूहळू प्रवेश करीत आहे. ‘प्लेस्टेशन ३’च्या आरंभीचा तो वाद्ये जुळविण्याचा स्वर ह्या दृष्टीने मोठा सूचक ठरतो.

३

ह्या पार्श्वभूमीवर २०१७ च्या ‘स्विच’चा होम मेनू पाहिला असता प्रथम जाणवते ती त्याची रुक्षता. पांढरट किंवा काळपट सपाट पार्श्वभूमी. मध्यभागी मोठ्या चौरस चौकटींची एकच आडवी रांग. प्रत्येक चौकट म्हणजे एक खेळ. त्याखाली लहान गोल चिन्हांची दुसरी रांग : बातम्या, दुकान, छायाचित्रांचा संग्रह, कंट्रोलर, यंत्राची व्यवस्था, निद्रा. वर डाव्या कोपऱ्यात खेळाडूंची चित्रे, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि बॅटरी. एवढेच. संगीत नाही. पार्श्वभूमीला हालचाल नाही. रंगयोजना दोन : साधी पांढरी आणि साधी काळी. ‘वी’मध्ये ज्या ‘मी’ नामक बाहुल्यांसाठी एक संपूर्ण वाहिनी राखून ठेवली होती, त्या बाहुल्या येथे व्यवस्थेच्या यादीत एका ओळीत जाऊन बसल्या आहेत.

निन्टेंडोच्या पूर्वीच्या यंत्रांची सवय असलेल्या प्रेक्षकाला हे रूप पाहून हिरमोड वाटावा, हे साहजिक होते. ज्या कंपनीने २०१४ साली आपल्या ‘३डीएस’ ह्या हातातील यंत्रावर रंगीबेरंगी, संगीतासह सजावटी देऊ केल्या होत्या, तिनेच तीन वर्षांनी सजावटीचा प्रांतच बंद करावा, ह्यात दारिद्र्याचा भास होतो. तात्पर्य, ह्या यंत्राला अजून घराचे रूप आलेले नाही, भिंतींना चुना तेवढा लावला आहे, हा प्रथमदर्शनी निष्कर्ष अस्वाभाविक म्हणता येणार नाही.

परंतु हे रूप ज्याच्या पाठोपाठ आले, त्याचे स्मरण ठेवल्याशिवाय ह्या रुक्षतेचा अर्थ लागत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘वी यू’ ह्या यंत्राचा उंबरठा हा गजबजलेला चौकच होता. यंत्र सुरू करताच दूरदर्शनच्या पडद्यावर शेकडो बाहुल्यांची गर्दी जमे, आणि ‘मीव्हर्स’ ह्या सार्वजनिक व्यासपीठावर जगभरच्या खेळाडूंनी लिहिलेल्या ओळी त्यांच्या डोक्यांवर तरंगत. कल्पना लोभस होती. परंतु खेळातून बाहेर येऊन त्या चौकात पोहोचण्यास आणि चौकातून पुन्हा एखाद्या खोलीत शिरण्यास इतका वेळ लागे की, स्वागताची जागा ताटकळण्याने घेतली. एप्रिल २०१३ मध्ये यंत्रणेत सुधारणा करून हा वेळ कमी करावा लागला. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘मीव्हर्स’ बंद झाले, तेव्हा त्या चौकातील आवाजांचा उगमच आटला. ‘स्विच’ त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आला होता. एकाच वर्षात एका यंत्राचा चौक ओस पडला आणि दुसऱ्याने चौक बांधण्याचेच नाकारले.

४

‘स्विच’च्या मेनूचे गुण चित्रात दिसत नाहीत, ते काळात अनुभवास येतात. खेळ चालू असताना होमचे बटन दाबले की खेळ जागच्या जागी थांबतो आणि मेनू तत्काळ समोर येतो. पुन्हा तेच बटन दाबले की खेळ जिथे सोडला त्याच क्षणी सुरू होतो. यंत्र निजवून दुसऱ्या दिवशी उठविले तरी हाच अनुभव. यंत्र प्रवासात हाती धरून आणि घरी दूरदर्शनसंचाला जोडून, अशा दोन्ही रीतींनी खेळण्यासाठी घडविलेले आहे, त्याच्या ६.२ इंची पडद्यावर आणि दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यावर एकच रांग सारखीच स्पष्ट वाचता येते. स्थानकावर गाडीची वाट पाहताना दहा मिनिटे खेळणाऱ्या माणसाला पूर्वरंग नको असतो. त्याला नाटक जिथे थांबले होते तो प्रवेश हवा असतो. शिवाय यंत्राची स्मृती अवघी ४ जीबी असून तिचा मोठा भाग खेळासाठी राखावयाचा होता. दर्शनी अंगाने आपले अंग चोरले, ह्याला हेही एक व्यावहारिक कारण संभवते.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथात कलाकृतीच्या घटनेमागे संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांची कल्पना मांडली, ती मराठी समीक्षेला सुपरिचित आहे. होम मेनू ही कलाकृती नव्हे, आणि तिला ते मानदंड जसेच्या तसे लावणे हा अतिरेक होईल. तथापि ह्या साध्या रांगेचे निरीक्षण करताना ती तत्त्वे उपयोगी पडतात. चौरस मोठे, वर्तुळे लहान. वरची रांग रंगांनी भरलेली, खालची जवळजवळ एकरंगी. वर खेळ, खाली व्यवस्था. आकार, रंग आणि कार्य ह्या तिन्ही अंगांनी एकच विरोध साधला आहे आणि तो तिन्हीत एकमेकांशी संवादी आहे. त्यामुळे अक्षर न वाचताही महत्त्वाचे काय आणि गौण काय हे कळते. जिथे तेरा-चौदा गोष्टी एकाच मोठ्या आवाजात बोलतात अशा पडद्यांच्या तुलनेत हा संयम लहान नव्हे.

दुसरी गोष्ट ध्वनीची. मेनूला संगीत नाही, म्हणून तो मुका आहे असे प्रथम वाटते. तो मुका नाही. प्रत्येक हालचालीला एक छोटा, कोरडा, टिचकीसारखा नाद आहे, आणि निरनिराळ्या कृतींचे नाद निरनिराळे आहेत. यंत्र जागे करताना एकच बटन तीनदा दाबावे लागते. कोणते बटन दाबले त्यावरून उमटणारा नाद बदलू शकतो, आणि काही बटने अनपेक्षित गमतीदार आवाज करतात. पहिल्या दिवशी ह्याकडे लक्ष गेले नाही तरी हरकत नाही; कधीतरी चुकून वेगळे बटन दाबले जाते आणि यंत्र हसल्याचा भास होतो. ‘वी’चे संगीत खेळाडू काही न करताही चालू असे, ‘स्विच’चा नाद खेळाडूने काही केले तरच उमटतो. एक यजमानाचे बोलणे, दुसरे पाहुण्याला दिलेले उत्तर. थांबण्यासाठी बांधलेल्या चौकाला पहिले शोभते, ओलांडण्यासाठी बांधलेल्या उंबरठ्याला दुसरे.

५

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की, प्रथमदर्शन चुकले आणि दीर्घ परिचयाने त्याची दुरुस्ती केली. परंतु प्रश्न इतका सरळ नाही. कारण दीर्घ परिचयाने जसे गुण उघड झाले तसे दोषही.

पहिल्या दिवशी यंत्रात एक किंवा दोन खेळ असतात. त्या दिवशी एकच रांग ही सुबकतेची परिसीमा वाटते. वर्षे लोटतात, खेळ पन्नास होतात, शंभर होतात. मुख्य रांगेत अलीकडे हाताळलेले बाराच खेळ राहतात, उरलेले सर्व शेवटच्या एका गोल चिन्हामागील मोठ्या यादीत ढकलले जातात. तिथे खेळांचे गट पाडण्याची सोय मार्च २०२२ मध्ये आली, म्हणजे यंत्र आल्यानंतर तब्बल पाच वर्षांनी. तीही त्या मागच्या यादीत, दर्शनी रांगेत नव्हे. दुकानाचे पानही माल वाढत गेला तसे मंद आणि अवजड होत गेले. रिकाम्या घरात जो मोकळेपणा होता तो भरलेल्या घरात अडचणीचे कारण ठरला. कारण घर भरणार आहे हे गृहीत धरून फडताळे बांधलेलीच नव्हती.

ह्याच्या नेमके उलट ‘वी’चे झाले. त्याचे प्रथमदर्शन विलक्षण मोहक होते, आणि त्या मोहकतेचा मोठा भाग त्याच्या सजीवपणात होता : हवामानाची वाहिनी, बातम्यांची वाहिनी, दुकानाची वाहिनी. यंत्र बंद असतानाही नवा संदेश आला की डिस्कच्या खाचेभोवती निळा प्रकाश लुकलुके. परंतु हा सजीवपणा यंत्राचा स्वतःचा नव्हता. तो दूरवरच्या सर्व्हरांकडून उसना घेतलेला होता. जून २०१३ मध्ये हवामान आणि बातम्यांच्या वाहिन्या बंद झाल्या. जानेवारी २०१९ मध्ये दुकानही मिटले. ज्या चौकटी आरंभी खिडक्या होत्या त्या कालांतराने भिंतीवर रंगविलेल्या खिडक्या झाल्या. आज ते यंत्र सुरू केले तर संगीत तेच आहे, चौकटी त्याच आहेत. आणि म्हणूनच बंद पडलेल्या वाड्यात दिवाणखान्याची बैठक तेवढी जशीच्या तशी राहावी तसा विषण्ण भाव त्या पडद्यावर पसरतो. प्रथमदर्शनाच्या वेळी हे कोणालाही दिसणे शक्य नव्हते. जे दिसू शकले असते ते इतकेच की, ह्या सौंदर्याचा आधार यंत्राच्या बाहेर आहे.

ह्या दोन उदाहरणांवरून एक मर्यादित सिद्धान्त मांडता येईल. प्रथमदर्शन हा निर्णय नव्हे, ती साक्ष आहे. साक्षीदाराला सगळे प्रकरण ठाऊक नसते. परंतु त्या घटकेला तो तिथे होता आणि इतर नव्हते, एवढे त्याचे वैशिष्ट्य कोणी हिरावून घेऊ शकत नाही. इंटरफेसच्या बाबतीत ही साक्ष विशेष मोलाची ठरते, कारण सवय ही तिची शत्रू आहे. महिन्याभराच्या वापरानंतर अंगठा आपोआप योग्य दिशेला वळतो आणि डोळा पाहणे सोडून देतो. रचनेतील अडखळणे, संदिग्ध चिन्हे, नसलेल्या गोष्टी, सारे अदृश्य होते. ते दूर झाले म्हणून नव्हे, तर वापरणाऱ्याने आपले अंग त्यानुसार वळवून घेतले म्हणून. जुन्या घरातील ठेंगण्या दारातून जाताना घरची माणसे न चुकता वाकतात. दार ठेंगणे आहे हे पाहुण्याच्या कपाळालाच कळते. ‘स्विच’च्या मेनूत सजावट नाही, खेळांची व्यवस्था लावण्यास वाव नाही, ही पहिल्या दिवसाची तक्रार पुढे मंदावली, परंतु ती खोटी ठरली नव्हती. २०२२ मध्ये गटांची सोय आली तेव्हा त्या पहिल्या साक्षीला उशिराने का होईना, दुजोरा मिळाला.

६

आता ‘स्विच २’. ५ जून २०२५ रोजी आलेल्या ह्या यंत्राचा पडदा ७.९ इंची आहे, त्याची रेखीवता आणि गती पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहे, आणि आतील साठवण २५६ जीबी आहे. परंतु यंत्र सुरू करून होम मेनू पाहिला तर जाणवते ते साम्य. तीच चौरसांची रांग, तीच वर्तुळांची रांग, तेच कोपरे. चौकटींचे कोन आता किंचित गोलावले आहेत. खालच्या रांगेत काही नवी चिन्हे आली आहेत : मित्रांशी बोलत, एकमेकांचा पडदा पाहत खेळण्याचा ‘गेमचॅट’, जवळच्या यंत्राला खेळ वाटून देणारा ‘गेमशेअर’, आणि विकत घेतलेले डिजिटल खेळ एका यंत्रातून दुसऱ्यात हलविणारी आभासी कार्डे. दुकानाचे पान आता चपळ झाले आहे. रंगयोजना मात्र आरंभी तरी पुन्हा त्याच दोन : पांढरी आणि काळी. जुन्या यंत्रातील सारे सामान नव्यात आणून ठेवता येते. ते आणल्यावर जुन्या धन्याला आपण नव्या घरात आलो आहोत की जुन्याच घराला रंग दिला आहे, हे क्षणभर कळू नये.

येथे दोन मते संभवतात. एक असे की, नव्या यंत्राला नवा चेहरा नसणे हा कल्पनाशक्तीचा अभाव होय. आठ वर्षांनंतर जी वस्तू मोठ्या किमतीला घ्यावयाची तिने निदान दार उघडताना तरी आपले नावीन्य जाणवून द्यावे, ही अपेक्षा गैर नाही. दुसरे मत असे की, सवय हे खेळाडूचे भांडवल आहे आणि ते उधळून लावण्याचा अधिकार रचनाकाराला नाही. ‘एक्सबॉक्स ३६०’चे दर्शनी रूप नोव्हेंबर २००८ मध्ये आमूलाग्र बदलले, डिसेंबर २०११ मध्ये पुन्हा बदलले, यंत्र तेच, धनी तोच, परंतु घरी परतल्यावर दरवेळी सामानाची जागा हललेली. प्रत्येक बदलाला कारणे होती. परंतु शेवटच्या रूपात खेळाच्या जोडीला जाहिरातींच्या चौकटीही दर्शनी भागात स्थिरावल्या, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ह्या दोन मतांपैकी दुसरे अधिक ग्राह्य वाटते. मात्र पूर्णांशाने नव्हे. सातत्य हा गुण आहे. परंतु सातत्याच्या आड जुने दोषही वारशाने येतात. अलीकडचे खेळ पुढे, बाकीचे मागच्या यादीत, ही पहिल्या यंत्राची व्यवस्था दुसऱ्यातही कायम आहे. फरक एवढाच की, आता तिच्यात आठ वर्षांचा संग्रह पहिल्याच दिवशी येऊन पडतो. म्हणजे जो दोष पूर्वी पाच वर्षांनी उघड झाला तो आता पहिल्या संध्याकाळीच उपस्थित असतो. आणि तरीही तो कमी बोचतो, कारण त्याच्याकडे पाहणारा डोळा आधीच सरावलेला आहे. ‘स्विच २’च्या रूपाचे यथार्थ प्रथमदर्शन, म्हणूनच, ज्याने पहिला ‘स्विच’ कधी हाती धरला नाही त्यालाच घडू शकते. आणि अशा माणसाचे मत यंत्राच्या जाणकारांच्या मतापेक्षा ह्या एका बाबतीत अधिक विचारात घेतले पाहिजे.

७

हा सारा विचार एका क्षुल्लक करमणुकीच्या वस्तूविषयी आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु येथे जो प्रश्न गुंतलेला आहे तो क्षुल्लक नाही. कन्सोलच्या ह्या पडद्याला ‘होम’ म्हणतात. घर म्हटले की धनी कोण हा प्रश्न आलाच. फॅमिकॉमच्या काळी खेळाडूचा खेळ त्याच्या हातात होता. कॅसेट ही वस्तू होती, ती मित्राला देता येई, पेटीत ठेवता येई. आज खेळांचा मोठा भाग यंत्राच्या आत, विकणाऱ्याच्या अनुज्ञेने, चौकटीच्या रूपाने वसतो. त्या चौकटींची मांडणी कोणाच्या सोयीने होते, दर्शनी जागा कोणाला मिळते, खेळाडूने जमविलेल्याला की कंपनीला विकावयाच्या असलेल्याला, ह्यावरून ते घर आहे की दुकानाचा दर्शनी भाग, हे ठरते.

ह्या कसोटीवर ‘स्विच’चा रुक्ष मेनू बराचसा उतरतो. त्याच्या मोठ्या रांगेत केवळ खेळाडूचे खेळ आहेत. दुकान हे खालच्या रांगेतील एक लहान वर्तुळ आहे. मात्र निर्मळ यश त्याच्या पदरी घालता येत नाही. यंत्र जागे होताना दिसणाऱ्या पडद्यावर बातम्यांच्या निमित्ताने नव्या मालाची वर्दी येते. म्हणजे दुकानदार घरात शिरत नसला तरी अंगणात उभा असतो. ‘गेमचॅट’ची सोयही पहिल्या काळात, मार्च २०२६ अखेरपर्यंत, विनामूल्य ठेवून पुढे तिला सशुल्क सदस्यत्वाची अट जोडण्याचे कंपनीने आरंभीच जाहीर केले होते, आणि त्यासाठी कंट्रोलरवर एक स्वतंत्र बटन कायमचे बसविले आहे. वस्तूच्या अंगावर कोरलेले बटन आणि मुदतीने चालणारी सोय ह्यांचे हे लग्न ‘वी’च्या रंगविलेल्या खिडक्यांची आठवण करून देते.

आणखी एका बाबतीत हे घर अपुरे आहे. २०१७ च्या ‘स्विच’ने आपल्या मेनूसाठी जपानी, इंग्रजी, चिनी, कोरियन आणि कित्येक युरोपीय भाषा देऊ केल्या, त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती. मराठी घरातील मूल हा पडदा हाताळते तेव्हा ते इंग्रजी शब्दांपेक्षा आकारांवर अधिक विसंबते : मोठा चौरस म्हणजे खेळ, पिशवी म्हणजे दुकान, दातेरी चाक म्हणजे व्यवस्था. ह्या रचनेची शब्दावाचून समजण्याची शक्ती तिथे खरी पणाला लागते, आणि बहुतांशी ती टिकते. परंतु शब्दावाचून कळणे वेगळे आणि आपल्या शब्दांत कळणे वेगळे. ‘होम’ हा शब्द ज्याला ‘घर’ म्हणून प्रथम भेटलेला नाही, त्याला त्या पडद्याच्या घरपणाचा दावाही परकाच राहतो.

सारांश, इंटरफेसच्या समीक्षकाने दोनदा लिहिले पाहिजे : एकदा सवय जडण्यापूर्वी, आणि एकदा घर भरल्यानंतर. पहिल्या लेखनात त्याने न्याय करू नये; केवळ कुठे अडखळले, काय शोधले आणि सापडले नाही, कोणाचा आवाज सर्वांत मोठा होता, ह्याची प्रामाणिक नोंद करावी. दुसऱ्या लेखनात त्या नोंदीशी स्वतःची आजची सवय ताडून पाहावी. ‘स्विच’च्या बाबतीत असे केले असता दिसते ते हे : त्याचा उंबरठा सुंदर नाही, आदरशील आहे; तो पाहुण्याला खोळंबून ठेवीत नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा दोष हा की, पाहुणा कधीतरी घरमालक होईल आणि त्याचे सामान वाढेल, ह्याचा विचार करावयास त्याने फार उशीर केला.